नाव येणार नसेल, तर हे काम कोण घेईल?

शब्दसखी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण बरेच दिवस डोक्यात घोळतोय म्हणून सविस्तर लिहिते.

अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणाऱ्या एका गटाचं समन्वयाचं काम मी बघते. सगळे स्वयंसेवक, मोबदला कोणालाच नाही. काम तीन तऱ्हेचं असतं. एक म्हणजे वाचन. दुसरं, दुसऱ्याने वाचलेलं रेकॉर्डिंग पुस्तक समोर धरून ऐकायचं आणि चुका टिपायच्या. तिसरं, फाइलचे तुकडे पाडून त्यांना प्रकरणांची आणि पानांची नावं द्यायची, म्हणजे ऐकणाऱ्याला हव्या त्या पानावर थेट जाता येतं. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला पुस्तक, लेखक आणि मग 'वाचन: अमुक अमुक' असं येतं. बाकीच्या दोन कामांत करणाऱ्याचं नाव कुठेच येत नाही. ही पद्धत माझ्या आधीपासूनची.

मी गटावर नव्या पुस्तकांची यादी टाकते. कादंबऱ्या, कथासंग्रह, आत्मचरित्रं लगेच उचलली जातात, कधीकधी एकाच पुस्तकावर दोघं हक्क सांगतात. पाठ्यपुस्तकं पडून राहतात, आणि आमच्याकडे विनंत्या बहुतेक पाठ्यपुस्तकांच्याच येतात. सांख्यिकीचं एक पुस्तक यादीच्या तळाशी कधीपासून आहे. तपासणीला कोण बसेल असं विचारलं की गट एकदम शांत होतो.

कारणं मात्र प्रत्येकाकडे तयार असतात. "माझा आवाज ललित वाचनाला जास्त शोभतो." "तक्ते वाचणं हे तज्ज्ञाचं काम, माझ्याकडून चूक झाली तर मुलांचं नुकसान व्हायचं." "आकड्यांत मी कच्ची आहे." हे शेवटचं म्हणणाऱ्या बाई निवृत्त लेखापाल आहेत. ही सगळी माणसं मला प्रिय आहेत आणि अडीअडचणीला धावून येणारी आहेत, म्हणूनच हे टोचतं.

एकदा इथे दिसलं आणि मग सगळीकडे दिसायला लागलं. कोणी अडचण सांगितली की सल्ला देणारा स्वतःच्या यशाची गोष्ट सुरू करतो. सभेत ज्याचा प्रश्न पाच मिनिटं चालतो, त्याला उत्तर नकोच असतं. माफी मागणारा म्हणतो, "तू माफ केल्याशिवाय मला झोप लागणार नाही." इथे काळजी कोणाच्या झोपेची आहे? दुखावलेल्या माणसाने आता आणखी एक काम करायचं, ते म्हणजे दुखावणाऱ्याला झोपवायचं.

मला विचारायचंय ते असं. या लोकांना आपला हेतू माहीत असतो का, की खरंच माहीत नसतो? प्रत्येक चांगल्या कामाच्या पोटात स्वार्थ असेल तर चांगला माणूस कोणाला म्हणायचं? आणि उद्या नवी यादी टाकताना मी नेमकं काय करू?

काठावरचा

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. बहुतेकांना माहीत नसतं असं माझं मत आहे, आणि त्याला आधारही आहे.

1977 साली रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग मांडला होता. टेबलावर नायलॉनच्या मोज्यांच्या चार जोड्या ओळीने ठेवल्या आणि लोकांना त्यातली सर्वांत चांगली निवडायला सांगितलं. चारही जोड्या तंतोतंत सारख्या होत्या. तरी उजव्या टोकाची जोडी डाव्या टोकाच्या जोडीपेक्षा जवळपास चौपट वेळा निवडली गेली. का निवडलीत म्हटल्यावर लोक वीण, पोत, दर्जा सांगू लागले. जागेचं नाव कोणीही काढलं नाही, आणि जागेमुळे निवडली असेल का असं सरळ विचारल्यावरही जवळजवळ सगळ्यांनी नाही म्हटलं. यात कोणी खोटं बोलत नव्हतं. कारण विचारलं की मन एक शोभेलसं कारण पुढे करतं, आणि ते आपल्याला आतून सापडल्यासारखं वाटतं.

याहून धक्कादायक उदाहरण मेंदूच्या रुग्णांचं आहे. अपस्मारावर उपाय म्हणून काहींच्या मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पट्टा कापला जायचा. 1970च्या दशकात मायकेल गझॅनिगा आणि जोसेफ लेडू यांनी अशा एका तरुणाच्या डाव्या मेंदूला कोंबडीचा पाय दाखवला आणि उजव्याला बर्फाने भरलेलं अंगण. मग समोरच्या चित्रांतून जुळणारं निवडायला सांगितलं. उजव्या हाताने (तो डावा मेंदू चालवतो) कोंबडी निवडली, डाव्या हाताने (तो उजवा मेंदू चालवतो) बर्फ उपसायचं फावडं. बोलणारा मेंदू डावा, आणि त्याला बर्फ दिसलेलंच नव्हतं. फावडं का, असं विचारल्यावर तो क्षणभरही अडखळला नाही. म्हणाला, कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतं.

तुमच्या लेखापाल बाईंना "आकड्यांत मी कच्ची" हे मनापासून वाटत असणार. रॉबर्ट ट्रिव्हर्स या जीवशास्त्रज्ञाने 1976 साली एक कल्पना मांडली होती: जो आपला हेतू स्वतःपासूनच लपवतो, त्याला तो दुसऱ्यांपासून लपवणं सोपं जातं, कारण जाणूनबुजून फसवणाऱ्याचा चेहरा त्याला उघडा पाडतो. मला ती पटते.

आता देण्याबद्दल. जेसन डेना आणि सहकाऱ्यांचा 2006 सालचा प्रयोग असा. एकाला 10 डॉलर देऊन सांगायचं की यातले हवे तितके समोरच्या अनोळखी माणसाला दे. त्याने आकडा ठरवला की दुसरा पर्याय पुढे करायचा: 9 डॉलर घे आणि निघून जा, समोरच्याला असा काही खेळ होता हे कधीच कळणार नाही. निव्वळ पैसा प्यारा असेल तर 10 ठेवून घ्यावेत. समोरच्याचं भलं हवं असेल तर वाटून द्यावेत. 9 घेऊन निघण्यात दोन्ही साधत नाही. तरी सुमारे एक तृतीयांश लोकांनी तेच केलं. "याने दिले नाहीत" असं कोणाच्या मनात येऊ नये म्हणून त्यांनी एक डॉलर मोजला.

2012 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास घरोघरी जाऊन देणगी मागण्याचा होता. काही घरांच्या दाराला आदल्या दिवशी पत्रक लावलं, उद्या अमुक वेळी येतो म्हणून. त्या घरांत दार उघडण्याचं प्रमाण 9 ते 25 टक्क्यांनी घटलं. पत्रकावर 'येऊ नका' अशी खूण करायची सोय दिली, तर देणगीच 28 ते 42 टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे एरवी मिळणाऱ्या देणगीत बराच वाटा समोर उभ्या माणसाला नाही म्हणता येत नाही याचा असतो.

रोखठोक

मग एवढं फिरवून कशाला सांगायचं? सगळंच स्वार्थासाठी असतं. सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज, त्याची एक गोष्ट त्याचा चरित्रकार जॉन ऑब्रीने नोंदवून ठेवली आहे. हॉब्जने रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्याला भीक दिली. बरोबरच्या धर्मगुरूने विचारलं, धर्माची आज्ञा नसती तर दिली असतीस का? हॉब्ज म्हणाला, दिली असती, कारण त्याचं दुःख बघून मला त्रास होत होता. त्याला आराम पडला आणि मलाही पडला. माझ्या मते विषय तिथेच संपतो. आई मुलासाठी जागते तेही स्वतःला चैन पडत नाही म्हणून. शब्दसखी, तुम्ही हे समन्वयाचं काम करता त्यातही तुम्हाला काहीतरी मिळतच असणार. मिळतं ते घ्या आणि काम चालू ठेवा. हेतूंची चिकित्सा करून रेकॉर्डिंग वाढणार नाही.

रात्रपाळी

शब्दसखीताई, मी परिचारिका आहे. हेतूवर मला पुस्तकी काही सांगता येणार नाही, पण रुग्णालयातली भेटीची वेळ मी नोकरीभर बघत आले आहे, तेवढं सांगते.

येणारे बहुतेक जण पलंगाच्या पायथ्याशी उभे राहतात. तिथून रुग्णाचा चेहरा दिसतो, पण त्याचा हात हातात येत नाही. पहिला प्रश्न: "ओळखलंत का मला?" तोंडावर ऑक्सिजनचा मास्क आहे, बोलायला दम नाही, आणि या माणसाला परीक्षा द्यायची आहे. मग पाहुणा स्वतःच्या शस्त्रक्रियेची हकीकत काढतो. दोन पाहुणे भेटले तर रुग्णाच्या अंगावरून त्यांच्या गप्पा चालतात. शेवटी रुग्णच सांगतो, "मी बरा आहे, तुम्ही काळजी करू नका." निघताना पाहुण्याच्या चेहऱ्यावर समाधान असतं आणि रुग्ण घामाने भिजलेला असतो. नाडी मोजली तर भेटीआधीपेक्षा जास्त लागते.

दुसरा प्रकार मला जास्त जड जातो. फार दिवसांनी आलेला मुलगा किंवा मुलगी. आल्या आल्या आवाज चढतो: "सगळ्या तपासण्या करा, काही बाकी ठेवू नका." आम्हाला रागावणाऱ्यांत हे लोक पहिले असतात. शेजारी दुसरी मुलगी उभी असते, जी इतके महिने कूस बदलत आली आहे, पाठीला जखम होऊ नये म्हणून. ती काही बोलत नाही. तिला माहीत असतं की आईला आता सुया नको आहेत. मोठ्याने बोलणाऱ्याचं प्रेम खोटं असतं असं मी म्हणणार नाही. मी त्याला जिन्यात रडताना पाहिलेलं असतं. पण त्या क्षणी तपासणी आईसाठी नसते, 'मी काही कमी केलं नाही' याचा तो पुरावा असतो, आणि त्या पुराव्यासाठी सुई आईला टोचते.

माझी परीक्षा एकच आहे. रुग्ण म्हणतो, "आता मला झोपायचंय." त्यावर कोण दिवा मालवून उठतं आणि कोण म्हणतं, "एवढ्या लांबून आलो, थोडा वेळ तरी बोला"? मनात काय आहे ते मला दिसत नाही. पण रुग्णाची गरज आणि पाहुण्याची हौस यांच्या वाटा जिथे वेगळ्या होतात, तिथे तो कोणत्या वाटेने जातो हे दिसतं. भेटीचा हेतू काहीही असो, जो रुग्णाच्या शब्दावर उठून जातो त्याच्या येण्याने रुग्णाला आराम पडतो.

काठावरचा

रात्रपाळी, डॅनियल बॅट्सन या मानसशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत जे तपासलं तेच तुम्ही लिहिलंय. रोखठोक यांनाही उत्तर त्यातच आहे.

बॅट्सनचा 1981 सालचा प्रयोग असा. सहभागी विद्यार्थिनींना पडद्यावर एलेन नावाची मुलगी विजेचे झटके सोसताना दिसते (झटके खरे नव्हते, ते त्यांना ठाऊक नव्हतं). थोड्या वेळाने विचारलं जातं, तिच्या जागी तू बसतेस का? मुद्दा असा की काहींना लगेच उठून जायची मोकळीक होती. हॉब्ज म्हणतो तसं स्वतःचा त्रासच थांबवायचा असेल तर दार उघडं आहे, जा. एलेनबद्दल आपुलकी जागी केलेली नव्हती त्या गटात, दार उघडं असताना, फक्त 18 टक्के तिच्या जागी बसायला तयार झाल्या. आपुलकी जागी केलेल्या गटात 91 टक्के. गट लहान होते हे खरं. पण पुढेही त्याने वेगवेगळ्या वाटा उघड्या ठेवून हेच तपासलं आणि उत्तर बहुधा त्याच बाजूला झुकलं.

हॉब्जच्या युक्तिवादातली गाठ जोसेफ बटलर या इंग्रज धर्मगुरू-तत्त्वज्ञाने 1726 सालीच सोडवली होती. म्हाताऱ्याला आराम पडला म्हणून हॉब्जला बरं वाटलं. का वाटलं? म्हाताऱ्याचं दुःख कमी व्हावं असं त्याला आधी वाटत होतं म्हणून. ज्याला दुसऱ्याचं काहीच वाटत नाही, त्याला दुसऱ्याच्या आरामाचं समाधानही मिळत नाही. समाधान मागून येतं, त्याला हेतूच्या जागी बसवायचं नाही.

जनुकांचा मुद्दा कोणी काढायच्या आधीच लिहितो. विल्यम हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने 1964 साली दाखवलं की रक्ताच्या नात्यातल्यांना मदत करण्याची प्रवृत्ती जनुकांच्या हिशेबात का टिकते. तो हिशेब प्रवृत्ती कुठून आली ते सांगतो. रात्री जागणारी आई तो हिशेब मांडत नसते. तिला मूल बरं व्हायला हवं असतं, बस.

रोखठोक

बटलरचा मुद्दा मान्य. त्याला उत्तर माझ्याकडे नाही. पण मग तुमचे 9 डॉलरवाले आणि पत्रक बघून दार न उघडणारे? तेही माणसंच आहेत.

काठावरचा

आहेतच. दोन्ही खरं आहे, आणि बहुधा एकाच माणसात खरं आहे. "सगळं स्वार्थी" म्हटलं की 9 डॉलरवाला आणि एलेनच्या जागी बसणारी एकाच रकान्यात जातात, आणि जो फरक बघायला हवा तोच पुसला जातो. माझा आक्षेप तेवढाच.

शब्दसखी

सगळ्यांचे आभार. रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद मी गटातल्या दोघांना वाचून दाखवला.

आता तिसरा प्रश्न. एक सूचना आली आहे की तपासणी करणाऱ्यांना प्रमाणपत्र द्यावं, वर्षातल्या सर्वोत्तम तपासनिसाचा सत्कार करावा. दुसरी सूचना याच्या उलट: वाचणाऱ्यांचीही नावं काढून टाका, मग कळेल खरी तळमळ कोणाची. मला दोन्ही पटत नाहीत, पण का ते नीट सांगता येत नाही.

काठावरचा

सत्काराबद्दल सावध राहा. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली दाखवलं की दीड वर्षांची मुलं, कोणी न सांगता, अनोळखी माणसाची पडलेली वस्तू उचलून देतात. 2008 साली त्यांनी 20 महिन्यांच्या काही मुलांना अशा मदतीबद्दल बक्षीस दिलं. बक्षीस थांबल्यावर ती मुलं इतरांपेक्षा कमी मदत करू लागली.

पण नावं काढणंही नको. बॅट्सनचाच आणखी एक प्रयोग: दोन कामं, एक चांगलं, एक कंटाळवाणं. एक तुम्ही करायचं, एक दुसऱ्याने, कोणी कोणतं ते तुम्हीच ठरवा. हवं तर नाणं टाका. नाणं टाकणाऱ्यांतही सुमारे 90 टक्के लोकांच्या वाट्याला चांगलं काम आलं. नाणं खोलीत एकट्याने टाकायचं होतं, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. पुढे 1999 साली समोर आरसा ठेवून तेच केलं, तेव्हा नाणं टाकणाऱ्यांत हे प्रमाण 50 टक्क्यांवर आलं, म्हणजे प्रामाणिक नाण्याने यावं तितकंच. आरशात दुसरं कोणी नव्हतं. आपलं आपल्याला दिसलं की माणूस नीट वागतो. म्हणून नावं लपवू नका. कोणाचं कोणतं काम झालं आणि कोणतं पडून आहे, हे सगळ्यांना दिसेल असं मांडा.

शेवटचा बाक

मी ऐकणाऱ्यांपैकी आहे. जन्मापासून दिसत नाही. सांख्यिकी हाच माझा विषय आहे, म्हणून लिहावंसं वाटलं.

हेतूबद्दल माझं सोपं म्हणणं आहे. वाचणाऱ्याने नावासाठी वाचलं की माझ्यासाठी, हे मला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. पण कोण कोणासाठी वाचतंय ते ऐकू येतं. काही जण प्रत्येक वाक्याला भाव देतात, संवादात रडतात, हसतात. माझ्यासारखे बरेच जण रेकॉर्डिंगचा वेग वाढवून ऐकतात, आणि वेग वाढवला की त्या सगळ्या भावांचा नुसता गोंगाट होतो. सपाट, स्वच्छ वाचणारा माणूस दुप्पट वेगातही शब्द न् शब्द कळतो.

तक्त्यांचं सांगतो. एका रेकॉर्डिंगमध्ये वाचणारी व्यक्ती आधी म्हणते, "तक्त्यात चार स्तंभ, सहा ओळी. स्तंभांची नावं अशी." मग प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ओळीचं नाव पुन्हा घेते. रिकामा चौकोन आला की "रिकामं" असं म्हणते. तो एक शब्द नसता तर पुढचे सगळे आकडे एक घर सरकले असते आणि मला ते कधीच कळलं नसतं. दुसऱ्या एका पुस्तकात ऋण चिन्ह वाचायचं राहिलं होतं. सहसंबंध उलटा झाला. मी उत्तर पुन्हा पुन्हा काढत बसलो, शेवटी वर्गमित्राने छापील पान बघून सांगितलं. ते रेकॉर्डिंग कोणी ऐकून तपासलंच नव्हतं.

म्हणून माझं मत: तपासणाऱ्याचं नाव द्या. वाचणाऱ्याच्या लगेच नंतर, त्याच आवाजात. सत्कार म्हणून नाही. ते नाव ऐकलं की मला कळेल की हे दुसऱ्या कोणीतरी पुस्तक समोर ठेवून ऐकलंय. आणि नाव नसेल तर मला कळेल की इथे आकडे जपून घ्यायचे.

शब्दसखी

शेवटचा बाक, याच कारणासाठी नाव द्यायचं हे मला सुचलं नव्हतं. गटात सगळ्यांना पटलं, सत्काराची सूचना मागे पडली.

नवी यादी अशी करतेय. प्रत्येक पुस्तकापुढे कोणी मागितलं आणि कधीपर्यंत हवं ते येईल. मागणाऱ्याचं नाव नाही, फक्त 'विद्यार्थी, परीक्षेसाठी' एवढंच. क्रम तारखेनुसार, त्यामुळे कादंबऱ्या आपोआप खाली जातील. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला वाचन आणि तपासणी अशी दोन्ही नावं. तपासणी झाली नसेल तर 'तपासणी बाकी' असं स्पष्ट म्हणायचं. कारणं कोणालाच विचारायची नाहीत, हे मी माझ्यापुरतं ठरवलंय. विचारली की मिळतात, आणि काठावरचा यांचं वाचल्यावर त्यांचं काय करायचं ते कळत नाही.

तक्त्यांसाठी एक पानाची सूचनापत्रिका लिहायला घेतली आहे: आधी स्तंभ-ओळी मोजून सांगणं, ओळीचं नाव परत घेणं, 'रिकामं', आणि ऋण चिन्ह. दशांश चिन्ह आणि घातांक कसे वाचले की तुम्हाला नीट कळतं ते सांगाल का? 'घात दोन' की 'चा वर्ग'? आमच्यात दोन्ही पद्धतीने वाचणारे आहेत.

शेवटचा बाक

'चा वर्ग' फक्त दोनसाठी ठीक आहे. पुढे सगळीकडे 'घात तीन', 'घात उणे एक' असंच वाचा, आणि घात कुठे संपला तेही सांगा, नाहीतर पुढची बेरीज त्यातच गेल्यासारखी वाटते. दशांशानंतरचे आकडे एकेक करून: 'शून्य दशांश शून्य पाच'. पत्रिका तयार झाली की पाठवा, मी एक प्रकरण ऐकून बघतो.